घोड्याला नाव होतं

४ सप्टेंबर
ही वही उलझानची, म्हणजे माझी. नारीन शहराजवळच्या या गावातल्या छोट्याशा संग्रहालयात आज रुजू झाले. खिडकीतून डोंगर दिसतात, गरम तळलेले कणकेचे बोरसोक आणि साय देऊन माझं स्वागत झालं. काम एकच: कोळशानं काढलेल्या एका चित्रातली बाई कोण, ते शोधायचं. खाली लिहिलंय, 'अनोळखी बाई, १९३६'. शेजारी त्याच चित्रकाराचा घोडा आहे. त्याचं नाव मात्र लिहिलंय, करागेर. म्हणजे घोड्याचं नाव विचारलं आणि बाईचं नाही. डोकंच फिरलं माझं.

७ सप्टेंबर
नव्वदीच्या बतमाआपांनी ओळखलं. रुमाल सावरून चित्रापुढे वाकल्या, म्हणाल्या, ही माझी सासू. नाव विचारलं तर ओठ घट्ट मिटले. सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नसतं, हे मलाही माहीत आहे. माझी आई अजून आजीला 'मोठ्या घरच्या' म्हणते. पण आपा, त्यांना जाऊन पन्नास वर्षं झाली, म्हटलं. तर म्हणाल्या, मेल्यावर सासूपण संपतं का गं? तिला ओळखणारं गावात दुसरं कोणी उरलेलं नाही.

१२ सप्टेंबर
संचालक सादिरबेकअगाय (इथे सरांना अगाय म्हणतात) म्हणाले, राजधानीतून पाहुणे येतायत, माझ्या आजीचं नाव टाक, कोण विचारतंय. खोटं लिहिणार नाही म्हटलं. मग नोकरी सोड, तुझ्यासारख्या छप्पन्न मिळतील, म्हणाले. शेवटी चित्राखालच्या कार्डावर ते नाव लिहून खाली सही केली. त्यांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. चित्रातल्या बाईचे ओठ मिटलेले होते ना? आज थोडे उघडे वाटले.

१४ सप्टेंबर
अगायनी मला 'ए कार्डवाली' म्हणून हाक मारली. नाव विसरलो म्हणे, वर हसले. आईला फोन केला. तिलाही माझं नाव आठवेना. रडायला लागली. पासपोर्टवर नावाच्या जागी कोळशाचा डाग—

१५ सप्टेंबर
आपा आल्या. चुलीत गेली रीत म्हणाल्या, आज घेते नाव. तोंड उघडलं. नाव येईना. सत्तर वर्षं गिळलेलं. आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लं ते.

१६
कार्डावर अगायची आजी नाही. माझं नाव आहे. मी लिहिलेलं नाही. चित्रातल्या बाईचे दात दिसतायत—

१७
तिचा राग खराच आहे. पण अगायचं नाव हिरावायचं, माझंच का— सही मी केली, म्हणून. हे वाचणाऱ्यानं एवढं करावं. चित्राखाली नको, इथे, नीट लिहावं. माझं नाव उल—