टॉवरची तपासणी झाली, गाठीची राहिली

इंदिरानगर, नाशिक
बुधवार, पहाट

श्रीमान खंडेरावदादा यांस,

आपल्या धाकट्या बहिणीचे यजमान भारत यांचा सविनय नमस्कार.

आम्हा उभयतांची प्रकृती उत्तम आहे. आपल्या प्रकृतीची विचारपूस करणे रीतीला धरून झाले असते. परंतु दिवाळीत सुपारीएवढी असलेली आपल्या गळ्यातील गाठ आता लिंबाएवढी झालेली असताना ‘आपणही कुशल असालच’ असे लिहिणे माझ्या लेखणीला जमणारे नाही. फोनवर विचारले असते. पण आपण घरातील सर्व मोबाईल पत्र्याच्या पेटीत घालून ती पेटी विहिरीजवळच्या मोटारघरात कोंडली आहे. सबब इंदिरानगरहून मातोरीस निरोप पोहोचवण्यासाठी मला कागद आणि शाई यांचा आधार घ्यावा लागत आहे.

प्रकरणाचा आरंभ आपणास स्मरत असेलच. डॉक्टरांनी गाठ चाचपली, अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी निघतात असे सांगितले आणि खात्रीसाठी बारीक सुईने नमुना घेऊ म्हणाले. एवढे स्वच्छ वाक्य ऐकून आपण दवाखान्यातून उठून आलात. ‘‘सुई टोचली का गाठ पसरती, दाजी. आन् ही गाठ मोबाईलच्या टावरचीच हे. तुम्ही शिकेल माणूस. आधी टावरचं पक्कं करा, मंग बघू सुईचं.’’ कुटुंबातील एकमेव पदवीधर म्हणून (वाणिज्य शाखेचा, हे मी त्याच क्षणी निदर्शनास आणून दिले होते) ही जबाबदारी माझ्यावर आली. कर्करोग मुळात होतो कसा, यावर जगभरचे शास्त्रज्ञ पिढ्यान्‌पिढ्या डोके फोडत आहेत. ते काम आपण मला रविवारच्या जेवणापर्यंत उरकण्यास सांगितलेत. आपला माझ्यावरील हा विश्वास माझ्या कार्यालयाने कधीही दाखवलेला नाही.

त्या रविवारी आपण बोलावलेले तज्ज्ञ सावळीराम (जे अंबडच्या एका कारखान्यात नोकरीस असून सुटीच्या दिवशी लहरी मोजतात) मीटर घेऊन आले. आपण सर्वांना मिरवणुकीने टॉवरच्या पायथ्याशी नेलेत. मीटर गप्प. सावळीरामांनी तो हलवला, तळहातावर आपटला आणि अखेर म्हणाले, ‘‘इथं बुडाशी कमीच लागतंय, लहरी वरून जात्यात.’’ (हे मात्र खरे आहे. मी नंतर पडताळून पाहिले.) आपल्या चेहऱ्यावर इतकी निराशा मी आपल्या चिरंजीव अमोलच्या बारावीच्या निकालालाही पाहिली नव्हती. घरात शिरताच मीटरला कंठ फुटला. मिक्सर सुरू असताना तो किंचाळला, आणि सर्वांत मोठ्याने ओरडला तो देवघरात, जेथे रोषणाईची माळ आणि अखंड मंत्र म्हणणारी डबी एकाच प्लगवर चालते. म्हणजे आपल्याच कसोटीने टॉवर निर्दोष सुटला आणि संशय थेट कुलदैवतावर गेला. आपण तत्काळ देवांना अंधारात बसवलेत व मिक्सर माळ्यावर टाकलात. त्यावर भागुवहिनी जे बोलल्या ते अक्षरशः नोंदवतो: ‘‘गाठ यांच्या गळ्यात, आन् शिक्षा माझ्या मिक्सरला! आता त्या टावरलाच बसवा पाट्यावर चटणी वाटायला!’’ सावळीरामांनी जाताना लहरी शोषून घेणारी एक चकती विकली. ती मोबाईलच्या पाठीवर लावायची असते. मोबाईल तर पेटीत होते. म्हणून आपण ती पेटीच्या झाकणावर चिकटवलीत आणि हात झटकलेत. शास्त्राची इतकी सेवा क्वचितच कोणी केली असेल.

आपल्या मळ्यातील झेंडूचा भाव मात्र कळायलाच हवा. त्यासाठी आपण रोज सकाळी शेजारच्या पुंजाआबांच्या बांधावर जाता, त्यांचा मोबाईल स्पीकरवर लावून घेता आणि व्यापाऱ्याशी असे बोलता की मोबाईल नसता तरी त्याला ऐकू गेले असते. टॉवर त्याच बांधाला टेकून उभा आहे. पुंजाआबा तेथे दिवसभर असतात. त्यांच्या गळ्यात तुळशीच्या माळेखेरीज काहीही नाही. (एका पुंजाआबांवरून निष्कर्ष काढू नये, हे मला समजते. एका खंडेरावांवरूनही काढू नये, हे आपणास समजावे.)

आता माझे वाचन. या लहरींत पेशीतील बंध तोडण्याइतका जोर नसतो. उन्हातील अतिनील किरणांत तो असतो, आणि त्या उन्हात आपण टोपीशिवाय फुले तोडता. जोर नसला तरी आणखी काही परिणाम होतो का, हे शोधणारी प्रामाणिक माणसे आहेत आणि त्यांचे काम संपलेले नाही. अमेरिकेत उंदरांना दोन वर्षे मोबाईलच्या तीव्र लहरींत ठेवले. काही नरांच्या हृदयाशी गाठी आढळल्या, हे मी आपल्यापासून लपवत नाही. परंतु लहरींतले नर हे लहरींविना ठेवलेल्या नरांपेक्षा अधिक जगले, हेही त्याच अभ्यासात आहे. शास्त्रज्ञ याचा अर्थ जपून लावतात. आपल्या पद्धतीने लावायचा तर दीर्घायुष्यासाठी आपण टॉवरखाली खाट टाकायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने मोबाईलच्या लहरींना ‘कदाचित कारणीभूत’ या गटात ठेवलेले आहे. हे वाचून आपण वहिनींकडे विजयी मुद्रेने पाहाल. म्हणून पाहण्यापूर्वी त्याच गटातील आणखी एक नाव वाचावे: कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्क. (तोच, जो गाठ विरघळावी म्हणून आपण रोज अनशापोटी पेलाभर घेता.)

तरीही आपला मुद्दा मान्य करून पाहू. समजा उद्या टॉवर दोषी ठरला. त्याला दंड होईल, तो उखडला जाईल, गावात पेढे वाटले जातील. गाठ आपल्याच गळ्यात राहील. कोणी दिली हे कळल्याने ती परत घेतली जात नाही.

राहिली सुई. आपला झेंडू फुलबाजारात जातो तेव्हा व्यापारी वरच्या फुलांकडे पाहतही नाही. क्रेटच्या तळाशी हात घालून मूठभर फुले बाहेर काढतो आणि मग बोलतो. त्याच्या हात घालण्याने तळातील माल सडला, अशी तक्रार आपण आजतागायत केलेली नाही. उलट जो व्यापारी हात न घालता भाव सांगतो, त्याला आपण लबाड म्हणता. डॉक्टरही तळाशी हात घालून पाहू इच्छितात. या सुईने गाठ पसरते असे म्हणणारे मला पुष्कळ भेटले. डॉक्टर त्यांत एकही नव्हता.

माझा अहवाल येथे पूर्ण होतो. यावर आपण शांतपणे, पुरेसा वेळ घेऊन विचार करावा. निर्णय सर्वस्वी आपला आहे. त्यात माझा कोणताही आग्रह, दबाव अथवा घाई नाही.

आपला आज्ञाधारक,
भारत

ता. क. : पाकिटावर तिकीट नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. पत्र टपालाने आलेले नाही. मी आपल्या शेडपाशी गाडीत बसलो आहे. सुईसाठी नऊची वेळ घेतलेली आहे. गळ्याभोवती गुंडाळायचा आपला मफलर वहिनींच्या हातात आहे. त्या आपल्या मागेच उभ्या असतील.

ता. क. दुसरा : आपली बहीण मागच्या सीटवर आहे. घरातून निघाल्यापासून ती एक शब्दही बोललेली नाही. आमच्या संसारात असे प्रथमच घडत आहे आणि मला त्याची सवय नाही. कृपया लवकर यावे.

ता. क. तिसरा (हा वहिनींना वाचून दाखवू नये) : डॉक्टर एकाच नातेवाइकाला आत येऊ देतात, आणि तो मी असावा असे येथे परस्पर ठरलेले आहे. सुई दिसली की मला भोवळ येते. तेव्हा आत गेल्यावर आपण माझा हात घट्ट धरावा. आणि बाहेर आल्यावर, मी आपला धरला होता, असे सांगावे.