लाटण्याचं काय झालं ते

मलिंगार, आयर्लंड
दसऱ्यानंतरचा रविवार

तीर्थरूप लीलावती वन्सं,

सुचित्राचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. गुडघा होता तसाच आहे.) तुमची तब्येत कशी आहे? डाव्या डोळ्यात थेंब न चुकता घालताय ना? तळेगावला पाऊस अजून रेंगाळलाय, असं ज्ञानदा फोनमध्ये बघून सांगते. इथे पावसाला रेंगाळावं लागत नाही, तो इथलाच रहिवासी आहे. मी बरी आहे. लेक बरी, नात स्मृती बरी, आणि जावई संजीवराव तर फारच बरे. हे पत्र त्यांच्या चांगुलपणाबद्दलच आहे. निदान मी लिहायला बसले तेव्हा तसंच ठरवलं होतं. फोनवरही सांगता आलं असतं, पण तुम्ही मध्येच “म्हणजे काय?” म्हणता आणि माझा धीर जातो. पत्राचं तसं नाही, ते आपलं म्हणणं पुरं करतं.

ह्यांनी केलेली दोन लाटणी तुम्हाला आठवतच असतील. शिसवीच्या एकाच ओंडक्यातून काढली होती, एक धाकट्या भावाने ताईला दिलं, एक नवऱ्याने बायकोला. कारखान्यातून आल्यावर हे कानस घेऊन बसायचे आणि मी शेजारी बसून मोठ्याने वाचायची. पुस्तक असलं तर पुस्तक, नसलं तर वाण्याच्या पुडीचा कागद. (शाळा माझी चौथीतच सुटली. पुढचं सगळं शिक्षण त्या लाकडाच्या भुशात बसून झालं.) अजूनही वाचताना एखादं वाक्य आवडलं की माझा आवाज आपोआप मोठा होतो. मग आठवतं, आणि मी पुढचं मनात वाचते. तर मागच्या वर्षी इकडे येताना त्यांच्या वस्तूंपैकी मी दोनच घेतल्या, पटाशी आणि लाटणं.

ते लाटणं, वन्सं, चिरलं. दोष माझाच. इथे गरम पाण्याच्या टाकीभोवती एक उबदार कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात आणि त्यात कपडे वाळवतात. माझे मोजे त्यात छान वाळले म्हणून मी धुतलेलं लाटणंही ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याचं एक टोक उभं फाटलं होतं. चिरलेलं लाटणं प्रत्येक पोळीवर रेघ ओढतं. टाकवेना, आणि वापरवेना.

आता जरा पाणी पिऊन घ्या आणि मग पुढचं वाचा. संजीवराव घरी बिअर करतात. (खोकल्याचं औषधसुद्धा तुम्ही बाटलीवरचं सगळं वाचून घेता, हे मला ठाऊक आहे. तरी पुढे वाचा.) दिवसभर हॉस्पिटलात लोकांच्या छातीतली घरघर ऐकून आलेल्या माणसाला काहीतरी शांतपणे आंबताना बघावंसं वाटतं, असं ते म्हणतात. स्वयंपाकघरामागच्या खोलीत एक जुना फ्रिज आहे. त्याच्या पोटात बिअरचं पिंप आणि दारातून बाहेर काढलेला नळ. नळाचा दांडा पुढे ओढला की बिअर येते, मागे केला की थांबते. त्यांचा प्लास्टिकचा दांडा मोडला होता आणि एवढा शिकलेला माणूस पक्कडीने नळ ओढत होता. ते मला बघवेना. मोडकी वस्तू तशीच चालवून घ्यायची ह्यांच्या घरात कुणाची टाप होती?

म्हणून मी लाटण्याचं फाटलं टोक कापलं आणि उरलेल्याचा दांडा करायला घेतला. लायब्ररीतून सुतारकामाचं पुस्तक आणलं. शेजारच्या ब्रीडाने ड्रिल मशीन दिलं. तीही माझ्यासारखीच मागे राहिलेली. नवऱ्याचं मशीन अजून तेल घालून ठेवते. पहिलं भोक मी तिरकं पाडलं, आणि दांडा एक थेंबही न घेता झिंगल्यासारखा कलला. “यू’आर ग्रँड,” ब्रीडा म्हणाली. (तिच्याकडे काम जमलं तरी ग्रँड, फसलं तरी ग्रँड.) मग भोक बुजवून सरळ पाडलं, आत पितळी आटे चिकटवले, पटाशीने मूठ जरा घडवली आणि जवसाचं तेल दिलं. नळावर बसवला तेव्हा संजीवराव बराच वेळ नुसते तो धरून उभे होते. म्हणाले, “आई, असा कुठल्या पबमध्ये बी नाही.” नागपूरची माणसं, स्तुती करायला काटकसर करत नाहीत.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण आली खंडेनवमी. ह्यांच्या हयातीत आपल्याकडे हत्यारांची पूजा कधी चुकली नाही, ती इथे का चुकावी? ओट्यावर पाट मांडला, त्यावर संजीवरावांचा स्टेथोस्कोप, ज्ञानदाचा लॅपटॉप, माझी पटाशी आणि ब्रीडाचं मशीन. सगळ्यांना एकेक फूल. नळाचा दांडा काही ओट्यावर आणता येईना. त्याला मी तिथेच कुंकू लावलं, आणि ह्यांच्या हातचा म्हणून फुलावर न भागवता ब्रीडाच्या बागेतल्या झेंडूचा घसघशीत हार घातला. पावसात भिजलेला झेंडू. शिसवी आधीच जड. खोलीचं दार लोटून मी आरतीला आले.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. हाराच्या वजनाने दांडा सावकाश पुढे झुकला आणि नळ पूर्ण उघडला. इकडे आमची आरती जोरात, घंटा स्मृतीच्या हातात. दाराखालून बिअर आली, फरशीवरून पसरली आणि रांगोळीपर्यंत पोचली. पहिल्यांदा दिसली ती आरतीला बोलावलेल्या ब्रीडाला. तिला वाटलं, पूजेचाच भाग. तिने आदराने चपला काढल्या, बाजूला ठेवल्या आणि मोजे भिजवत हात जोडून उभी राहिली. आरती संपल्यावर हळूच म्हणाली, “सुचित्रा, तुमच्याकडे हे दरवर्षी येतं का?”

संजीवराव धावले, पण पिंप रिकामं झालं होतं. दिवाळीला हॉस्पिटलातले सगळे जेवायला येणार, त्यांच्यासाठी केलेली बिअर होती ती. मी पोछा घेऊन खाली बसले आणि म्हटलं, काढून टाका तो दांडा, आपला प्लास्टिकचाच नवा आणा. तर ते माझ्या हातातला पोछा घेत म्हणाले, “नळ बदलू ना आई, दांडा काहून काढता?” आणि स्मृती म्हणाली, “आजी, इट वॉज द बेस्ट पूजा एव्हर.” दुसऱ्या दिवशी संजीवरावांनी नळात स्प्रिंग बसवली. आता दांडा आपणहून मागे जातो. रोज संध्याकाळी ते त्याला हात लावतात, आणि मी पोळ्या बाजारच्या लाटण्याने लाटते, आणि मला चालतं. परक्या देशात परक्याच्या लेकराने माझ्या माणसाची मूठ धरून ठेवली. याहून जास्त मी काय मागणार?

रागावला असाल तर रागवा. पण उत्तर लिहा.

तुमची
सुचित्रा

ता. क. जास्त काही मागणार नाही म्हटलं, पण एक राहिलं. तुमच्याकडचं लाटणं तुम्ही हल्ली वापरत नाही, पोळ्या डब्याच्या येतात. ते मला मिळालं तर माझ्या पोळ्या सुधारतील.

ता. ता. क. तुमच्याशी खोटं बोलवत नाही. पोळ्या ठीक होतात. फ्रिजला दुसरा नळ आहे, आणि तो अजून पक्कडीने ओढतात.

शेवटचं. कुरियरने पाठवू नका, हरवेल. संजीवरावांनी तुमच्यासाठी खालची खोली रंगवायला काढली आहे, रंग अजून ओला आहे तेवढ्यात पासपोर्टचं बघा. तुमच्याच हाताने आणा. दांडा करायचा की पोळ्या, ते इथे बसून ठरवू. त्या घरात आता तुम्हीही एकट्याच आणि ते लाटणंही. बिअरची भीती बाळगू नका. मी चमचाभर चाखली. आपला काढा बरा.