बाबांकडे ठेवलेला आकडा

३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सोबतचं बंद पाकीट उघडू नका. आईला तर हातही लावू देऊ नका! प्रोटॉन पळतो तेव्हा त्या धावेत त्याच्या पोटातल्या क्वार्क नावाच्या कणांचा वाटा किती, हे आम्ही तीन वर्षं अवकाशाची बारीक जाळी कल्पून नुसत्या निसर्गनियमांवरून संगणकावर काढतोय. प्रयोगवाले म्हणतात, शेकडा अठ्ठावन्नच्या आसपास. ते ठाऊक असलं की मन तिकडेच ओढ घेतं. म्हणून संगणक आमचं उत्तर एका गुप्त आकड्यानं गुणून दाखवतो, आणि तो आकडा या पाकिटात आहे. ते कुणाकडे ठेवायचं असं गटात निघालं तेव्हा मी सांगितलं, माझे बाबा पोस्टमन होते, पस्तीस वर्षांत कुणाचं पाकीट त्यांनी उजेडात धरलं नाही.

उत्तर फसलं तर आमचा गट मोडेल आणि माझी नोकरी जाईल. लोभ आहेच, तो वाढवा.

तुमची,
ठकू

१२ मार्च

चि. ठकूस अ. उ. आ.

पाकीट मिळालं. तुझ्या आईनं ते दोनदा दिव्यासमोर नेलं, दोनदा मी हिसकावलं. आता कुलपात आहे. ती म्हणते, पोरीची नोकरी टांगणीला आणि हे गृहस्थ नियम सांगतायत! माझाही जीव वरखाली होतो गं. बरं, अठ्ठावन्न क्वार्कांचे, मग उरलेलं कोण पळवतं?

तुझे,
बाबा

२० जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

उरलेलं ग्लुऑन नावाच्या कणांचं. सगळ्यांना धरून ठेवतात, आपल्या आईसारखे.

मे महिन्यात माझीच चूक सापडली. जाळीच्या घरांचं माप चुकीचं भरलं होतं. तोंडचं पाणी पळालं. दुरुस्तीनं उत्तर सुधारलं की बिघडलं, तेही कळेना. बिघडलं असं कळलं असतं तर बाबा, मी कदाचित गप्प बसले असते. आता संगणकानं दाखवलेल्या ४२.४ वर सगळ्यांनी सह्या केल्यात, यापुढे बदल नाही. पाकीट फोडा. आकडा पत्रानंच कळवा, सगळ्यांसमोर वाचायचं ठरलंय.

तुमची,
ठकू

२७ जून

चि. ठकूस अ. उ. आ.

आकडा ०.७३. आईनं मोठ्यानं वाचला, मी तीनदा ताडून पाहिला.

आता गुन्हा कबूल करतो. परवानगी पाकीट फोडायची होती, भागाकाराची नव्हती. पण राहवलं नाही. ४२.४ भागिले ०.७३, मी एका कागदावर, आई दुसऱ्यावर. दोघांचंही ५८.०८ आलं! अगं, जमलं तुला! आई उभ्या उभ्या रडली, मग फोन लावा म्हणून माझ्यावर ओरडली. मी म्हटलं, पोरीनं पत्र सांगितलंय, पत्रच जाईल.

ते पोचायला सहा दिवस लागतील. तोवर ही गोष्ट सबंध जगात आम्हा दोघा म्हाताऱ्यांनाच ठाऊक आहे. इथेच थांबतो, तुझी आई चपला घालून शेजारी निघाली आहे.

तुझे,
बाबा