शेवटच्या बाकापर्यंत

सोमवार, २५ नोव्हेंबर १९५७

आता आमचीच परीक्षा! हेडमास्तर धुरंधरांनी मधल्या सुट्टीत सगळ्यांना बोलावून जाहीर केलं — प्रत्येक शिक्षकाचा एक तास दुसऱ्या शिक्षकाने मागे बसून पाहायचा आणि शेरा लिहायचा. शिवाय मुलांनीही चिठ्ठ्या लिहायच्या, नाव न घालता. कुणाला ठेवायचं, कुणाला कायम करायचं, ते संस्था त्यावरून ठरवणार.

शिक्षकांच्या खोलीत नुसता गोंधळ. "कालची पोरं आम्हाला मार्क देणार?" "मग काय आपण एकमेकांना द्यायचे? पोरं तरी खरं लिहितील!" चित्रकलेच्या प्रेमाताई म्हणाल्या, "मी कुणाचं वाईट लिहिलं, तर उद्या त्याच्याच शेजारी बसून डबा कसा खाऊ गं?"

मी गप्प. बोलले असते तरी कुणाला ऐकू गेलं नसतं म्हणा. दोन वर्षं हंगामी आहे ती एवढ्याचसाठी — मराठी चांगलं शिकवते, पण आवाज नाही. "सुहासिनीबाई, तुम्ही शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही." हेडमास्तरांचं हे वाक्य मला पाठ झालंय.

माझी जोडी गणिताच्या नाबर मास्तरांशी. मी त्यांचा तास पाहायचा, त्यांनी माझा. सुटले! साऱ्या शाळेत तेवढेच एक मला "काय? काय म्हणालात?" करत नाहीत.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

आठवी अ च्या शुद्धलेखनाच्या वह्या तपासल्या. न उच्चारायचे अनुस्वार आता सगळ्यांना जमतात — एकट्या माणिकला सोडून. वेसाव्याची पोर, आई बाजारात मासळी विकते. डोक्याने तल्लख, पण टिंब म्हणून द्यायची नाही! मी तरी इथे कुठे देते? एकेका टिंबासाठी मुलांचा जीव काढते आणि रोजनिशीत सगळी गाळते. इथे कोण तपासणार!

बुधवार, २७ नोव्हेंबर

मास्तरांचा तास पाहिला. आठवी अ.

आठवीच्या मुलांच्या हातात पाट्या! शाळेत सगळे त्यावरून हसतात — "नाबर अजून बिगरीतच." पण आज बसून पाहिलं. मास्तर तोंडी हिशेब घालतात, की एक्केचाळीस पाट्या वर. एका नजरेत सगळ्या वाचतात. "शिंदे, शून्य राहिलं." "माणिक, शाब्बास." एक मूल सुटत नाही. मला असं कुणी शिकवलं असतं तर गणिताला एवढी घाबरले नसते.

मग सांताक्रूझचं विमान आलं. आमच्या कौलांवरून ती इतकी खालून जातात की शाळेचा रिवाजच आहे — विमान आलं की शिक्षकाने थांबायचं. मास्तर थांबले नाहीत. त्या घरघरीत बोलतच राहिले. पहिल्या बाकावरच्या माणिकने शांतपणे बोट वर केलं, छपराकडे. मास्तर थांबले. विमान गेलं. तिने बोट खाली घेतलं. मास्तर पुढे सुरू.

कुणी हसलं नाही. कुणी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. पाट्या कशासाठी ते मला तेव्हा कळलं. मास्तरांना ऐकू येत नाही! आणि सगळा वर्ग ते सांभाळून घेतोय.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

मास्तरांनी पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. "बोट पाहिलंत ना?"

मी मान हलवली.

"तीन वर्षं झाली. आता विमानही येत नाही ऐकू."

"मग माझं बोलणं?"

"तुमचं दिसतं. तुम्ही शुद्धलेखन घातल्यासारखं बोलता, अक्षर न् अक्षर ओठांवर. बाकीचे सगळे मिशीत बोलतात." हसले. मग म्हणाले, "दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. शिकवण्यावाचून मला दुसरं काही येत नाही हो. पण तुम्ही तुमच्या मनाला पटेल ते लिहा. मी काही मागत नाही."

मागितलं असतं तर बरं झालं असतं. नाही म्हणता तरी आलं असतं!

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

शेरा लिहिला. 'पाटीच्या पद्धतीमुळे प्रत्येक विद्यार्थ्याकडे लक्ष पुरवले जाते. उत्तम.' सगळं खरं आहे. एक गोष्ट लिहिली नाही, एवढंच. एवढंच?

दुपारी मास्तर माझ्या तासाला. शेवटच्या बाकावर गुडघे आखडून बसले आणि पापणी न हलवता माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मुली खुसखुसल्या. मला घाम फुटला, होता तो आवाजही बसला. मास्तरांच्या शेजारूनच कुणीतरी ओरडलं — "बाई, ऐकू येत नाही!" दोनदा! शोभा झाली नुसती.

त्यांनी काय लिहिलं ते दाखवलं नाही. शाळा सुटताना हेडक्लार्कने सगळे शेरे लखोट्यात बंद केले. उद्या संस्थेकडे जाणार.

शनिवार, ३० नोव्हेंबर

सोमवारी मुलांच्या चिठ्ठ्या. मला काल झोप नाही. एका मुलाने, अगदी मायेने जरी लिहिलं की सरांना ऐकू येत नाही, तरी संपलं सगळं.

आज आठवीला शुद्धलेखन होतं. वह्या मिटायच्या आधी मी बोलून गेले. देवाशपथ, हेतू चांगला होता. म्हटलं, "कुणी काही विचारलं, तर — सरांना नीट ऐकू येतं. कळलं ना?"

वर्ग चिडीचूप. आयुष्यात पहिल्यांदा माझा शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचला असावा. माणिक उभी राहिली. "आमी कुनाला नाय सांगनार, बाई. इतकी वरसं नाय सांगितला."

सोमवार, २ डिसेंबर

चिठ्ठ्या झाल्या. आठवीची मुलं बाहेर पडताना माझ्याकडे पाहून हसत होती. मोठं काम फत्ते केल्यासारखी. का हसत होती?

मंगळवार, ३ डिसेंबर

हेडमास्तरांनी बोलावलं. टेबलावर आठवी अ च्या चिठ्ठ्या पसरलेल्या. प्रश्न तीनच होते — शिक्षक वेळेवर येतात का, शिकवलेलं समजतं का, आणखी काही सांगायचं आहे का. नाबर मास्तरांच्या चिठ्ठ्यांत तिसऱ्या प्रश्नाखाली एक्केचाळीस वेळा एकच वाक्य.

'सरांना नीट ऐकूं येतें.'

कूं वर टिंब. तें वर टिंब. बाईंनी सांगितलं की उतरवून घ्यायचं, ही सवय मीच लावली ना! एका चिठ्ठीत फक्त टिंबं नव्हती.

"बाई, हे कुणी विचारलं होतं का हो?" धुरंधर म्हणाले. मग म्हणाले, "शुद्धलेखन कुणाचं, ते मी विचारत नाही."

त्यांनी मास्तरांना बोलावणं पाठवलं. मास्तर आले. धुरंधर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, आमच्याकडे पाठ. साध्या आवाजात म्हणाले, "नाबर, बसा."

मास्तर उभेच राहिले. हसतमुखाने, त्यांच्या पाठीकडे पाहत.

"नाबर, खुर्ची घ्या."

मी खुणावायला हवं होतं. नुसतं एक बोट! माणिकने केलं असतं. माझा हात मांडीवरून उचललाच गेला नाही.

बुधवार, ४ डिसेंबर

डोकं दुखतंय म्हणून चिठ्ठी पाठवली. दुखत नव्हतं.

रविवार, ८ डिसेंबर

मास्तरांच्या बिऱ्हाडी गेले. राजीनामा दिलाय — प्रकृतीच्या कारणावरून, नाताळच्या सुट्टीपासून. धुरंधरांना दोष देत नाहीत. "इन्स्पेक्टर आला असता तर त्यांनाच बोल लागला असता."

मी सगळं सांगितलं. आठवीचा तास, माझं वाक्य, टिंबं. माझे ओठ थांबेपर्यंत ते पाहत राहिले.

"चुका किती?"

"एक."

"माणिक?"

"हो."

ते हसले. खरंच हसले! मला रडू आवरेना. त्यांच्या बायकोने चहा आणून ठेवला, त्यावर साय आली. निघताना म्हणाले, "पाट्या चालू ठेवा म्हणावं नव्या मास्तरला." आणि लगेच, "नको, राहू दे. त्याला कशाला लागतील?"

माझ्याबद्दल त्यांनी काय लिहिलं, ते विचारायचं धाडस झालं नाही. विचारण्याचा हक्क तरी कुठे होता?

सोमवार, १६ डिसेंबर

कायम झाल्याचं पत्र आलं. मला!

हेडक्लार्कने सहीसाठी फाइल पुढे केली. वरच मास्तरांचा शेरा, गोल गोल अक्षरात — 'अगदीं शेवटच्या बाकावर बसून पाठ पाहिला. बाईंचा शब्द न् शब्द मला स्पष्ट ऐकूं आला.' एकही टिंब चुकलेलं नाही. हे धुरंधरांच्या नजरेतून सुटलं की त्यांनी सोडलं, देव जाणे.

मी म्हटलं, "हे चूक आहे. हे धरू नका."

"काय?"

पुन्हा म्हटलं.

"अहो बाई, जरा मोठ्यानं बोला," हेडक्लार्क म्हणाले, आणि सहीची जागा बोटाने दाखवली.

सही केली.