पिंपातला भात

रविवार, १४ सप्टेंबर

आमची लाडकी लेक चि. ठमाकाकू हिस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तू माझा फोन उचलत नाहीस, त्यामुळे पत्र. पत्र उचलावंच लागतं, निदान केरात टाकण्यासाठी तरी. जावईबापूंची बॅग मी का उघडली हा विषय यात नाही, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

लाल भोपळ्याचा वेल यंदा मागचं अंगण ओलांडून कपडे वाळत घालायच्या तारेवर चढलाय. मधमाश्या फारशा फिरकत नाहीत, म्हणून सकाळी उठून मीच नर फूल तोडतो आणि मादी फुलावर हलकेच घासतो. त्याशिवाय फळ धरत नाही. तुझी आई म्हणते, स्वतःच्या मुलीचं लग्न लावताना हा उत्साह कुठे होता. तिची जीभ शाबूत आहे हे यावरून कळेलच.

वेलाचं खरं बळ खतात. कोपऱ्यातल्या झाकणाच्या पिंपात मी भाज्यांची सालं, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं टाकतो. वर वाळका पाला, मधूनमधून ढवळणं. नियम एकच, शिजवलेलं अन्न टाकायचं नाही. तेला-मिठानं खत नासतं आणि उंदीर पंगतीला येतात. हा नियम घरात तुझ्या आईलाही पाठ आहे.

आणि तरी पिंपात भात निघाला. ढवळताना पाल्याखाली, नीट लपवलेला. पुन्हा चार दिवसांनी भात, भाजी. उंदरानं पिंपाच्या बुडाशी भोकही पाडलं. बसमध्ये तिकीट तपासण्यात माझा जन्म गेला, विनातिकीट माणूस मी चढतानाच ओळखायचो. हा माणूसही मी ओळखला. शेजारचा शिंपी. मधली भिंत कमरेएवढी, आणि माझा वेल त्याच्या खिडकीवर सावली धरतो म्हणून तो कुरकुरला होता. मी भिंतीशी जाऊन सरळ विचारलं. तो म्हणाला, आमच्याकडे खाणारी तोंडं इतकी आहेत की उरतंय कुठे टाकायला. मी मनात म्हटलं, चोर तो चोर वर शिरजोर. आणि पिंपाला कुलूप लावलं. आई म्हणाली, कचऱ्याला कुलूप लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहतेय. मग हसली आणि म्हणाली, तुमचे गुडघे दुखतात, किल्ली माझ्याकडे द्या, सालं मीच टाकत जाईन.

मला बरं वाटलं. लगेच खटकलंही, कारण इतक्या वर्षांत तिनं त्या पिंपाला हात लावला नव्हता. वास येतो म्हणायची.

गेल्या आठवड्यात वेलाचा पहिला भोपळा उतरवला. मीच चिरला, तिनं भाजी केली. मी जेवायला बसलो, तिला म्हटलं तूही बस. म्हणाली, तुम्ही उरका, मी मागून घेते. हल्ली ती मागूनच घेते. भाजी कशी झाली विचारलं तर म्हणाली, गोड आहे, दोनदा घेतली.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेल्यावर मी खिळ्यावरची किल्ली घेतली. पाल्याखाली भोपळ्याच्या शिजलेल्या फोडी होत्या, मोहरी लागलेल्या. तो भोपळा आमच्याशिवाय कुणाच्या घरात गेलेला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी पाला पुन्हा होता तसा सारला, किल्ली होती तशी टांगली. का, ते मला सांगता येणार नाही.

उरलेला अर्धा भोपळा घेऊन मी शिंप्याकडे गेलो. माफी मागायची मला सवय नाही, म्हणून नुसता भोपळा पुढे केला. त्यानं तो घेतला, मशिनीशेजारी खाली ठेवला आणि बराच वेळ दोरा ओवत बसला. मग म्हणाला, “काका, काकूंनी कुणाला बोलू नका म्हणून सांगितलंय. पण त्यांचे कपडे मी उन्हाळ्यापासून तीनदा आत घेतलेत. आता शिवण आणखी आत जात नाही.”

घरी आलो. ती पाठमोरी भांडी लावत होती. रोज दिसणारं माणूस दिसत नाही गं. मी विचारलं, “तू जेवतेस ना?”

ती वळली नाही. “सगळ्या जगाचा संशय घेऊन झाला,” म्हणाली, “आता माझं ताटही तपासा.”

जन्मभर तपासत आलो तेव्हा कुणी असं म्हटलं की मला जोर चढायचा. त्या दिवशी मी फडकं घेऊन तिच्या शेजारी भांडी पुसू लागलो.

आता तुझ्याविषयी. ती तुझ्याशी फोनवर बोलताना दार लोटून घेते. मी जवळून गेलो की आवाज खाली येतो आणि मग दोघी हवापाण्यावर बोलता. तुला ठाऊक आहे असं मला वाटतं. घास गिळताना ती गळ्याशी हात नेते, तेही तुला ठाऊक असेल. ती दवाखान्यात जाऊन आली आहे की घाबरून गेलीच नाही, हे मला कळत नाही. मला सांगितलं तर मी डॉक्टरचाही संशय घेईन, असं तुम्ही ठरवलं असेल. तेही खरंच आहे म्हणा.

पण मला भीती वाटते. पत्रात लिहायला सोपं आहे म्हणून लिहितो. माझे संशय बहुतेक वेळा खरे निघाले, आणि मी त्याचा तोरा मिरवला. हा एक खोटा निघावा. मी सगळ्यांच्या देखत हसं करून घ्यायला तयार आहे.

तू ये. जावईबापूंनाही घेऊन ये. ती माझ्याबरोबर तपासून घ्यायला यायची नाही, तुझ्याबरोबर येईल. मी घरी थांबेन. आल्यावर तुमच्या पिशव्या, कागद, औषधं, कशालाही हात लावणार नाही. काय झालं ते तुम्ही सांगाल तेवढंच विचारीन, आणि सांगाल ते खरं मानीन.

मी लिहिलंय हे तिला कळू देऊ नकोस. उत्तर लिहू नकोस, त्यात दिवस जातील.

तिच्या ताटाकडे न बघता जेवायला शिकतोय,
तुझा बाबा