घोड्यावरचे फादर

अल-खोबर, ३ ऑक्टोबर २०१८

ठरलं! जगदीशच्या निरोपाच्या पार्टीत स्टेजवर मूकपट करायचा, नुसत्या हावभावांचा. त्याची एकतीस वर्षांची नोकरी. आता ती खुर्ची सौदी माणसाला द्यायची, असा नियम. तो माणूस म्हणजे अरवा. हुफूफची, उंच, काळी, हसरी पोरगी. जगदीशकडे काम शिकते, आमच्याकडे थालीपीठ खाते. मला "खालती" म्हणते — माझी मावशी! मुलं कॅनडाला गेल्यापासून इथे मला लेकीसारखी हाक मारणारी ती एकच.

"मूकपटच का?" जगदीशने विचारलं.

"एकतीस वर्षं घरात बोललास कुठे? तालीम लागणार नाही!"

४ ऑक्टोबर

गोष्ट मीच सुचवली. कॉन्व्हेंटमध्ये शनिवारी सिस्टर मूकपट दाखवायच्या. एकात काळे गुंड गोऱ्या मुलीच्या मागे लागतात. मग पांढरे झगे, तोंडावर टोकदार टोप्या, छातीवर क्रूस असे घोडेस्वार येऊन तिला सोडवतात. क्रूस म्हणजे फादरच! आम्ही टाळ्या पिटायचो. फादर घोड्यावर किती छान बसतात, असं वाटायचं. काय दिवस होते!

५ ऑक्टोबर

तालीम. खालच्या मजल्यावरच्या रफीकभाईंनी पांढरा अरबी झगा दिला. "डाग नको हां, वहिनी, पुढच्या शुक्रवारी नमाजला घालायचाय!" उशीच्या अभ्र्याला डोळ्यांची भोकं पाडली. जगदीश घोडेस्वार, घोडा म्हणजे फरशी पुसायचा मॉप. अभ्रा फिरला, भोकं मागे गेली आणि फादर थेट फ्रीजवर! शेजारची अलका गुंड. तोंडभर काजळ फासून ओरडतेय, "ताई, हे निघेल ना? उद्या इकाम्याला, इथे राहायच्या परवान्याला, फोटो द्यायचाय!"

हसून हसून पोट दुखलं. बघते तर दारात अरवा.

"हे कोण, खालती?"

"फादर लोक!"

तिने फोनवर फोटो दाखवले. तेच झगे, त्याच टोप्या, पण अमेरिकेतली टोळी. काळ्या माणसांना जाळणारी, झाडांना टांगणारी. असलाच एक सिनेमा बघून लोकांनी ती विझलेली टोळी पुन्हा उभी केली म्हणे.

थालीपीठ न खाताच गेली.

७ ऑक्टोबर

फोन उचलत नाही. जगदीश म्हणाला, "मला आज सर म्हणाली. परवापर्यंत अंकल होतो."

९ ऑक्टोबर

मूकपट रद्द. अलका — "आणि उरलेल्या काजळाचं काय करू?" "डोळ्यांत घाल!"

डबा घेऊन अरवाकडे गेले. दार अर्धंच उघडलं तिने. मी म्हटलं, "माफ कर. मला खरंच ठाऊक नव्हतं गं."

"टाळ्या वाजवताना त्या सिनेमात तुम्ही स्वतःला कोण समजत होतात?"

"ती गोरी मुलगी. आणखी कोण?"

डब्यावरच्या माझ्या काळ्यासावळ्या हाताकडे बघितलं तिने आणि दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली, "आत या, खालती."

१० ऑक्टोबर

आज आठवलं. गॅदरिंगला सिस्टरनी त्याच सिनेमाचं नाटक बसवलं होतं. मी गुंडांत होते. बाकीच्या मुलींच्या तोंडाला कोळसा फासला. माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "तुला नको."

फ्रॉक मळला नाही म्हणून केवढी खूश झाले होते मी!