सिक्कीमची माहिती, आक्कासाठी

गंगटोक, दि. १२ मे २००२

तीर्थस्वरूप आक्कास प्रसेनजीतचा सविनय जयभीम.

"त्यो मुलूख आपल्या देशात तरी हाय का? न्हाय धाडायची मी पोरगी," असे तू फोनवर म्हणालीस. म्हणून सविस्तर लिहितो.

येथे पूर्वी राजाचे राज्य होते, आपल्या कोल्हापुरात होते तसेच. १९७५ पासून सिक्कीम भारतात आहे. वेलदोडा हे मुख्य पीक. लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आत, म्हणजे कोल्हापूर शहराहून थोडी अधिक. शिक्षण इंग्रजीतून होते आणि शाळा माझ्या कॉलेजच्या फाटकासमोरच आहे.

तुझा गुडघा कसा आहे? नेसरीत वळीव झाला का?

माझी प्रकृती उत्तम आहे. स्वयंपाक जमतो. झोप मात्र येत नाही.

रत्नमाला गेली तेव्हा अक्षताला मीच तुझ्या ओटीत घातले. तू तिला जीव लावलास, हे उपकार फिटणारे नाहीत. परंतु परवा तुझ्या कुणालचे ऐकून तिने मला फोनवर "मामा" अशी हाक मारली. तुम्ही सर्व हसलात. मीही हसलो.

आक्का, मी सुट्टीत तिला न्यायला येत आहे. तुझ्या पाया पडतो, नाही म्हणू नकोस. मला बाबा म्हणणारे तिच्याशिवाय कोणी नाही.

तुझा धाकटा भाऊ,
प्रसेनजीत